परसातल्या कोंबड्या आणि आळीतली मानमोडी

शेतकरी बंधूंनो, आणि आज विशेष करून भगिनींनो, आज शेडमधल्या हजार-दोन हजार पक्ष्यांबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते तुमच्या परसात, उकिरड्यावर, गोठ्याच्या कडेला दिवसभर उकरत फिरणाऱ्या आठ-दहा गावठी कोंबड्यांबद्दल. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर या कोंबड्या कुठे लिहिलेल्या नसतात. घरधन्याला विचारलं, "किती कोंबड्या आहेत?" तर तो म्हणतो, "असतील दहा-बारा, घरच्यांना विचारा." पण मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, आजारपणाला अचानक लागणारे चार पैसे यांतलं बरंचसं याच दहा-बारा कोंबड्यांतून निघतं. आणि हा पैसा बाईमाणसाच्या हातातला असतो. तो कोणाकडे मागावा लागत नाही.

म्हणूनच जेव्हा चैत्र-वैशाखात एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं, तेव्हा ते नुकसान दिसतं त्याहून मोठं असतं. गाय मेली तर चार माणसं विचारायला येतात. दहा कोंबड्या मेल्या तर लोक म्हणतात, "मर आली होती, सगळ्यांच्याच गेल्या." आणि विषय संपतो.

कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: काय खायला घातलं म्हणजे अंडी वाढतील? प्रश्न रास्त आहे. पण आमचं म्हणणं असं, की अंडी मोजण्याआधी मेलेली मोजा. हिशोब करून पाहा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते, तीही तीन-चार पाळ्यांत. समजा, त्यांतल्या दोन पाळ्यांना तुम्ही तिला अंड्यांवर बसवलं आणि एकूण अठरा पिलं निघाली. दोन महिन्यांनी त्यांतली पाच उरली. आता विकतचं खाद्य घालून अंडी वाढवली तर दहा वाढतील, पंधरा वाढतील. उलट मेलेल्या तेरांपैकी सात वाचवली तर सात तलंगा आणि कोंबडे हाती आले. कशात फायदा आहे ते सांगायला नको. आणि वाचवायला जे लागतं ते बहुतेक घरचंच असतं. एक गोष्ट मात्र एकट्या घराने होत नाही. आधी तीच घेऊ.

मानमोडी कशी येते

या रोगाला कोणी मानमोडी म्हणतात, कोणी नुसतं "मर आली" म्हणतात. डॉक्टर लोक रानीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो १९२७-२८च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरातल्या रानीखेत या गावी प्रथम ओळखला गेला. नाव गावाचं असलं तरी त्यात त्या गावाचा काही दोष नाही. रोग त्याच सुमारास जगात इतर ठिकाणीही दिसला होता.

लक्षणं तुमच्या पाहण्यातली आहेत. कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात मलूल बसते. चोच उघडी ठेवून घरघर करीत श्वास घेते. हिरवट-पांढरी, पाण्यासारखी हगवण लागते. जगली-वाचली तर एखादीची मान पिळवटून पाठीवर किंवा छातीखाली जाते, पाय-पंख लुळे पडतात, ती गोल गोल फिरते. पुष्कळदा तर काही न दाखवताच सकाळी खुराड्यात दोन-चार मेलेल्या सापडतात. यावर औषध नाही. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण अशा वेळी लसूण, हिंग, ताकातली हळद, दुकानातली माणसांची गोळी असं सगळं पाजून होतं आणि कोंबडी मरते ती मरतेच. रोग विषाणूचा आहे. करणीचा नाही, वाऱ्याचा नाही आणि देवीच्या कोपाचाही नाही.

आता तो येतो कसा ते पाहा. पुष्कळदा तो आठवडी बाजारातून पायांनी चालत येतो. शेजारच्या गावात दोन कोंबड्या मेल्या, की तिथला शहाणा माणूस उरलेल्या धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या घाईने बाजारात नेतो. "मरण्यापेक्षा विकलेल्या बऱ्या." त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. पण रोग अंगात शिरल्यावर लक्षण दिसायला बहुधा पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधराही. म्हणजे बाजारात तुमच्या हाती आलेली कोंबडी चांगली खाती-पिती असते. तुम्ही ती घरी आणता, बाकीच्यांत सोडता आणि पुढच्या बाजाराच्या आत आळीत मर सुरू होते. दुसरी वाट पाहुणचाराची. स्वस्तात मिळालेली कोंबडी घरी कापली, पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकली. तीच पिसं तुमच्या आणि शेजारच्या कोंबड्या उकरतात, आतडी कुत्रं ओढत दुसऱ्या आळीत नेतं. पिसांत आणि विष्ठेत हा विषाणू थंड-सावलीच्या जागी आठवडेच्या आठवडे टिकतो.

तेव्हा पहिला नियम. बाजारातून, माहेराहून, कुठूनही नवी कोंबडी आली तर ती तीन आठवडे वेगळी ठेवायची. वेगळी म्हणजे दुसऱ्या खोपटात, दुसऱ्या परळात पाणी देऊन. आधी घरच्यांना दाणा-पाणी करायचं, मग तिला, आणि मग हात धुवायचे. नुसतं डालग्याखाली झाकून त्याच अंगणात ठेवली तर तिची विष्ठा बाकीच्या उकरणारच. दुसरा नियम, कापलेल्या कोंबडीची पिसं आणि आतडी खड्ड्यात पुरायची. एवढ्यानेही बरंच टळतं.

लस: बाटली शंभराची, कोंबड्या बाराच

खरा उपाय लस. ती जुनी, खात्रीची आणि स्वस्त आहे. मोठ्या पक्ष्यांना टोचायची लस मुक्तेश्वर वाणाची. हे मुक्तेश्वरही त्याच कुमाऊंच्या डोंगरातलं, आणि १९४०च्या दशकापासून ती वापरात आहे. आपल्याकडे पुण्यात औंधला शासनाच्या संस्थेत रानीखेतची लस तयार होत आली आहे. म्हणजे गोष्ट दुर्मिळ नाही. मग गावोगाव खुराडी रिकामी का होतात?

अडचण बाटलीची आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांपुरती येते. आत सुकी पूड असते, ती थंड द्रावात कालवून टोचावी लागते. एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली उद्याला चालत नाही. आता तुमच्या बारा कोंबड्या घेऊन तुम्ही दवाखान्यात गेलात, तर बारांसाठी बाटली फोडून अठ्ठ्याऐंशी डोस फेकायचे का, असा प्रश्न पशुधन पर्यवेक्षकाला पडतो. तो म्हणतो, "आणखी कोंबड्या जमवा, मग बघू." तुम्ही परत येता. ते जमवणं राहून जातं. चैत्र उजाडतो.

मंडळी, गुंता इथेच आहे आणि सोडवणूकही इथेच आहे. आठ घरं, घरटी बारा कोंबड्या, म्हणजे शहाण्णव झाल्या. एक आळी, एक बाटली. बचत गट असेल तर त्याच्या बैठकीत, नसेल तर पाणवठ्यावर बोलून ठेवा. दोघीतिघींनी घरोघर फिरून कोंबड्यांची मोजदाद करावी. त्यात दोन महिन्यांवरच्या किती, लहान पिलं किती, हे वेगळं लिहावं, कारण दोघांची लस वेगळी. मग आकडा घेऊन दवाखान्यात जायचं आणि दिवस ठरवून यायचं. "माझ्या कोंबड्यांना लस द्या" असं एकटीने सांगण्यात आणि "आमच्या आळीत शहाण्णव कोंबड्या आहेत, मंगळवारी पहाटे सगळ्या कोंडून ठेवतो" असं सांगण्यात फरक पडतो. पहाट अशासाठी, की कोंबड्या खुराड्यातच असतात, धरायला पळापळ होत नाही आणि ऊनही नसतं.

कोणी म्हणेल, शेजारची नाही म्हणते तर तिचं तिच्यापाशी, आपण आपल्या टोचून घेऊ. तसंही चालेल, पण पुरतं साधणार नाही. लस टोचलेल्या कोंबड्यांपैकीही काहींच्या अंगात शक्ती नीट येत नाही. अशक्त असतात, पोटात जंत असतात. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी तुमच्याकडे नवी पिलं येतात, त्यांच्या अंगात काहीच नसतं. कुंपणापलीकडे रोग धुमसत राहिला तर पहिला नंबर त्यांचा लागतो. कोंबडीला कुंपण कळत नाही. खुराडं तुमचं असतं, रोग आळीचा असतो.

लस थंडच राहिली पाहिजे. आत जिवंत, पण निवळलेला विषाणू असतो; उन्हात तापला की मरतो आणि मग पाणी टोचल्यासारखंच होतं. दवाखान्यातून आणायची झाली तर थर्मासमध्ये बर्फ घालून आणा आणि घरी आल्यावरही सावलीत बर्फावरच ठेवा. शर्टाच्या खिशात घालून सायकलवर आणलेली लस आणली काय नि न आणली काय. टोचायचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. डोस अर्ध्या मिलिलिटरचा, पंखाखालच्या कातडीत. पिलांना मात्र सुई नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास एकदा. मग आठ आठवडे झाले की मुक्तेश्वर वाणाची टोचायची. लासोटा पाण्यातूनही देता येते, पण गावच्या विहिरीत किंवा टाकीत टी.सी.एल. पावडर टाकली असेल तर ते पाणी वापरू नका. पावडर लसीलाही मारते.

टोचल्यावर दोन-चार दिवस कोंबड्या थोड्या मलूल होतात, अंडी कमी पडतात. घाबरू नका, आणि त्यावरून "लसीनेच कोंबड्या बिघडल्या" अशी हूल उठवू नका. आजारी दिसणारी कोंबडी मात्र टोचून घेऊ नये. अंगात शक्ती यायला दहा-पंधरा दिवस जातात, म्हणून मर सुरू झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. ऊन चढण्याच्या आधी, माघ-फाल्गुनात हे काम उरकावं आणि पुन्हा सहा महिन्यांनी करावं. खुराड्याच्या दारावर गेरूने तारीख लिहून ठेवा. कागद हरवतो.

रोग आलाच तर

आजारी दिसली की वेगळी करा. बाजारात नेऊ नका, पाहुण्याला भेट देऊ नका. मेलेली कोंबडी ओढ्यात, रस्त्यावर, शेतात भिरकावू नका. वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर गुडघाभर खोल खड्डा करा, खाली-वर चुना टाकून पुरा. आजारी कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच हाताने डोळे चोळू नका. या रोगाने माणसाचे डोळे थोडे दिवस लाल होतात. खुराडं झाडून आतली घाण जाळा, भिंतींना चुना मारा, दारं उघडी टाकून ऊन खाऊ द्या. आणि घाईने नव्या कोंबड्या भरू नका. किमान महिना-दीड महिना खुराडं रिकामं राहू द्या. हे फार जड जातं, आम्हाला माहीत आहे. पण त्याच आठवड्यात भरलेल्या कोंबड्या त्याच वाटेने जातात.

एक सावधगिरी वेगळी सांगितली पाहिजे. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. तो देशातला पहिलाच. मानमोडी कुठली आणि बर्ड फ्लू कुठला, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. तेव्हा एक-दोन दिवसांत एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे आणि डोकी सुजून काळीनिळी झाली, आसपास कावळे-बगळे मरून पडले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही कळवता येतं. लपवून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही, घरातल्या लेकरांचा तर नाहीच.

पिलं जातात कुठे

मानमोडी सोडली तर सगळ्यात जास्त मर पहिल्या आठ आठवड्यांत होते, आणि तिच्यात रोगापेक्षा घार, कावळा, मांजर, थंडी आणि ओल यांचाच हात मोठा असतो. आपल्याकडे रीत अशी, की पिलं फुटली की चौथ्या दिवशी आईबरोबर उकिरड्यावर सोडायची. आई बिचारी जिवापाड राखते, पण दहा पिलांना दोन पंख किती पुरणार?

तेव्हा पहिले तीन आठवडे तरी पिलं आईसकट मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवा. डालगं रोज कोरड्या जागी सरकवा. खाली राख किंवा भाताचं तूस पसरा. ओली झालेली राख-तूस त्याच दिवशी काढा, कारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना जी रक्ती हगवण होते ती ओलीतूनच वाढते. विष्ठेत रक्त दिसलं, पिलं पंख टाकून कुडकुडू लागली, की दवाखान्यातून पाण्यात घालायचं औषध आणा. या रोगाला औषध आहे आणि ते वेळेवर दिलं तर लागूही पडतं.

पाणी उथळ परळात द्या आणि त्यात चार खडे टाका, म्हणजे पिलं बुडत नाहीत, भिजत नाहीत. खायला कणी, ज्वारी-बाजरीचा बारीक भरडा, आणि जमेल तेव्हा वाळवी. जुन्या बायका मडक्यात शेण, काडीकचरा आणि फाटकं गोणपाट घालून, पाण्याचा हबका मारून, ते मडकं वारुळाजवळ पालथं घालीत. दुसऱ्या दिवशी त्यात वाळवी भरलेली असायची. पिलांना याच्याइतकं अंगी लागणारं दुसरं काही फुकट मिळत नाही. ही रीत मोडू नका.

आई नसलेली, उबवणी केंद्रातून आणलेली पिलं असतील तर उब द्यावी लागते. खोक्यात दिवा टांगून ती देता येते. उब बरोबर आहे की नाही हे पिलंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजते. दिव्यापासून लांब, चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरून खात-झोपत असतील तर हात लावू नका.

खुराडं

खुराडं म्हणजे रात्रीची जागा. दर कोंबडीला दीड-दोन चौरस फूट पुरतात. जमिनीपासून हात-दीड हात उंच असेल तर ओल, घूस आणि मुंगूस तिन्हींपासून बचाव होतो. मुंगसाला फार मोठी वाट लागत नाही; तुमची मूठ जिथून जाते तिथून ते जातं. फटी दिवसा बाहेरून पाहू नका. आत डोकं घालून पाहा, उजेड कुठून येतो ते दिसेल. अंडी रोज उचलली तर सापालाही तिथे यायचं कारण राहत नाही.

एक शत्रू मात्र आतच राहतो. कोंबड्या रात्री बेचैन असतात, खुराड्यात शिरायला नको म्हणतात, झाडावर जाऊन बसतात, तुरे पांढरट पडतात. दिवसा पिसं उचलून पाहिलं तर काही दिसत नाही. मग समजा, की गोचीड आहे. ही गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत, लाकडाच्या सांध्यांत लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. भेगा मातीने लिंपा, त्यावर चुना द्या, बसायचे दांडके काढून उन्हात टाका किंवा उकळतं पाणी ओता. उवांसाठी कोंबडीला राखेत लोळू द्या; एका खड्ड्यात चुलीची राख आणि बारीक माती घालून ठेवली की ती स्वतःच अंघोळ करते.

पण कपाशीवर मारायचं औषध कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात कधीही फवारू नका. किडा मरतो आणि कोंबडीही मरते, आणि उरली तर ते विष अंड्यात उतरून पोरांच्या ताटात येतं. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं बियाणं अंगणात सांडू देऊ नका, रिकाम्या पिशव्या झटकू नका. मृग लागला की "अचानक मेल्या" म्हणून ज्या कोंबड्या जातात, त्यांतल्या काही मानमोडीने नव्हे तर या लाल-गुलाबी दाण्यांनी जातात.

रोजच्या कुरबुरी

अंडी घराबाहेर घालते? कोंबड्या सकाळी नऊ-दहापर्यंत कोंडून ठेवा, पुष्कळशा त्या वेळेपर्यंत घालून मोकळ्या होतात. टोपलीत पेंढा घालून ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, त्यात एक खूणअंडं राहू द्या. कवच पातळ येत असेल किंवा कोंबडी स्वतःची अंडी फोडून खात असेल तर तिला चुन्याचा अंश कमी पडतो. शिंपल्यांची भुकटी द्या. घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून, बारीक कुटून. अख्खी दिलीत तर तिला अंडं फोडायचीच गोडी लागते.

थंडीत अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात दिवस अकरा तासांचा होतो आणि ज्येष्ठात तेरा तासांच्या वर जातो. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. पिसं झडायच्या दिवसांतही ती अंडी बंद करते. तेव्हा मूठभर दाणा वाढवा, कापायची घाई करू नका. उन्हाळ्यात उलटा त्रास. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. सावलीत दोन-तीन ठिकाणी मातीच्या परळांत गार पाणी ठेवा आणि खुराड्यावर ओलं गोणपाट टाका. रोज संध्याकाळी ओंजळभर कणी-कोंडा एकाच हाकेने टाकत जा. त्या निमित्ताने मोजणी होते आणि कोणती मलूल आहे ते त्याच वेळी कळतं.

पावसाळ्यात डास वाढले की तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड आणि खपल्या येतात. ही कोंबड्यांची देवी. माणसांची देवी १९७७ साली देशातून गेल्याचं जाहीर झालं. तिचा हिच्याशी संबंध नाही आणि ही माणसाला होत नाही. खपल्यांनी डोळे मिटले तर कोंबडी उपाशी मरते, म्हणून तिला हाताने भरवा, पाणी पाजा. हिचीही लस असते. आळीची मोजदाद कराल तेव्हा तीही विचारून घ्या.

अंड्यांवर बसवताना

खुडूक झालेल्या सगळ्याच कोंबड्या बसवायच्या नसतात. मागच्या खेपेला जिने पिलं नीट राखली तीच बसवा. बाकीच्यांचं खुडूकपण मोडायचं तर वाऱ्याच्या जागी, खालून हवा लागेल अशा जाळीच्या किंवा कामट्यांच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. पाणी-दाणा द्या, पेंढा देऊ नका. नाकात पीस खुपसणं किंवा पाण्यात बुचकळणं हे उगाच छळणं झालं.

अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, न धुतलेली घ्या. थंडीत आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतली चालतील. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा आणि तो वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी बदलावा, नाहीतर बापाचीच पिलं लेकींच्या पोटी येऊन वाण खुरटतो. नवा कोंबडाही तीन आठवडे वेगळा, हे विसरू नका. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा. पिलं एकविसाव्या दिवशी.

गिरिराज, वनराज या सुधारित जातींबद्दलही विचारणा होते. अंडी जास्त, वजन जास्त, हे खरं. पण त्या अंड्यांवर सहसा बसत नाहीत, अंगाने जड असल्याने मुंगसापुढे पळत नाहीत आणि उकिरड्यावर भागत नाही, दाणा जास्त लागतो. आमचं मत असं, की चार सुधारित आणायच्या असतील तर जरूर आणा, पण दोन-तीन चांगल्या गावठी कोंबड्या बसायला म्हणून घरात राहू द्याव्यात. पिलं शासनाच्या उबवणी केंद्रातून किंवा जिल्ह्याच्या सधन कुक्कुट विकास गटातून मिळतात का ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. आणताना कोणकोणती लस देऊन झाली आहे ते लिहून घ्या आणि राहिलेल्या लसीची तारीख त्याच दिवशी गेरूने दारावर टाका.